वळणावरची खुर्ची

गुलमर्गच्या गोंडोल्यातून कोंगडोरीला उतरून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, हे मला मुळीच पटलं नाही. खालून आणणारी तार वेगळी, १९९८ची. तिथून अफरवटला नेणारी वेगळी, २००५ची. पायात भाड्याचे गमबूट, अंगात भाड्याचा कोट, आणि मागे आमच्याच सहलीतले एक काका दर मिनिटाला "हलली का?" म्हणून विचारताहेत. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला चुका काढायला एवढं पुरतं. मी सहलीचा छापील कार्यक्रम काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खुर्च्यांची लिफ्ट काढायला घेतली. मधल्या स्टेशनवर ती वळेल, पण माणसाला उतरवणार नाही.

"अहो, हातमोजे घाला," ही म्हणाली.

"अगं, हातमोजे घालून रेघ सरळ येत नाही."

खरं तर सगळा घोटाळा सरळ रेघेचाच. ताणलेली तार नाकासमोर जाते आणि डोंगराला ते मंजूर नसतं. मध्ये कडा येतो, बर्फ कोसळण्याची जागा येते, नाहीतर कुणाची तरी जमीन येते. मग एक तर दोन लिफ्ट बांधा, म्हणजे दोन मोटारी आणि दोन रांगा. किंवा तार वळवा. मी वळणावर एक मोठं आडवं चाक काढलं, तार त्याला टेकवली आणि खाली तारखेसकट सही ठोकली.

फोटो पुण्याच्या भाच्याला पाठवला. तो मेकॅनिकलचा. त्याचा फोन कौतुकाचा असेल अशा समजुतीने मी तो स्पीकरवर घेतला.

"मामा, खुर्ची तारेला चिमट्याने धरून असते आणि चिमटा तारेच्या एकाच अंगाला असतो. चढत्या बाजूला तुमचं चाक दुसऱ्या अंगाला येतंय, ते ठीक. उतरत्या बाजूला चाक आणि चिमटा एकाच अंगाला. पहिलीच खुर्ची आदळणार."

"मग लोक करतात काय?"

"खुर्ची तार सोडून देते."

रांगेतल्या काकांनी खाली दरीकडे पाहिलं. पण सोडते ती स्टेशनात. चिमटा उघडतो, खुर्ची रुळावर चढते, ओळीने लावलेले रबरी टायर तिचा वेग उतरवतात आणि तिला ढकलत वळणावरून नेतात. तार तेव्हाही आपल्या चाकांवरून सेकंदाला पाच मीटरने पळतच असते, खुर्ची मात्र माणसाच्या चालीने जाते. पुढचे टायर तिला पुन्हा तारेच्या वेगावर आणतात आणि चिमटा मिटतो. तो नीट मिटला नाही तर लिफ्ट आपोआप बंद पडते. चालत्या लोकलमधून दादरला उडी टाकणारा गाडीच्याच दिशेने चार पावलं पळतो ना, तसंच. फक्त इथे वळसा घालून परत तीच लोकल पकडायची.

हाँगकाँगच्या न्गाँग पिंगच्या पाळण्यांना अशी दोन वळणं आहेत, त्यातलं एक तर जवळजवळ साठ अंशांचं, असंही भाच्याने सांगितलं. ते २००६पासून चालू आहेत. माझी कल्पना मला सुचण्याआधीच वापरली गेली, हे मला फारसं आवडलं नाही.

पण खुर्चीच्या लिफ्टवर माझा वडिलोपार्जित हक्क आहे. मी रावेरचा.

हसू नका. १९३६ साली युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वेचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन आयडाहोत सन व्हॅली नावाचं बर्फाचं गाव वसवत होते. श्रीमंतांना घसरायला आवडतं, चढायला नाही, ही त्यांची अडचण. रेल्वेचा इंजिनियर जेम्स करन याने त्याआधी जहाजांवर केळी चढवणाऱ्या यंत्राचं काम केलेलं होतं. फिरती तार, तारेला आकडे, आकड्यांना घड. त्याने आकडे काढून खुर्च्या लावल्या आणि घडाच्या जागी माणूस बसवला. वरिष्ठांना हे धोक्याचं वाटलं. तरी ओमाहात ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून प्रयोग झाले. उन्हाळा होता, बर्फ कुठून आणणार? माणसांच्या पायांत चाकांचे स्केट्स चढवले आणि खुर्ची मागून कितीच्या वेगाने आली तर माणूस बसतो आणि कितीच्या वेगाने आली तर आडवा होतो, ते पाहिलं. डिसेंबरात लिफ्ट सुरूसुद्धा झाली. म्हणजे चेअरलिफ्टचं घराणं केळीचं! हे मी काकांना सांगितलं, सहलीच्या मॅनेजरला सांगितलं, काहवा विकणाऱ्या पोराला हिंदीतून सांगितलं. त्याने मला केळी आहेत का, असं विचारलं.

नव्हती. आमच्याकडे रावेरला केळीचा घड कापला की डोक्यावर घेतात. वीस-बावीस किलोचं ओझं, खाली चिखल, ट्रॅक्टर बांधाच्या पलीकडे. केळीचा चीक कपड्यावर काळा पडतो आणि मग तो डाग कशानेच जात नाही. वडिलांकडे लग्नाकार्याला घालायला बिनडागी सदरा एकच होता. केळ्यांसाठी निघालेली युक्ती घसरायला आलेल्या पाहुण्यांना काही महिन्यांत मिळाली. आमच्या बागेत घड वाहणाऱ्या बायामाणसांना तार कुणी दाखवली नाही. मीही नाही. मी पुण्यात ताळेबंद जुळवत होतो, आणि आराखडा काढला तो अफरवटचा.

"झालं का? रांग पुढे गेली," ही म्हणाली. मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो नीट पाहिला, अगदी सहीसकट.

"मधल्या स्टेशनवर खुर्ची थांबते?"

"थांबत नाही. सावकाश जाते."

"मग चहा कुठे प्यायचा?"

मी वळणावर एक टपरी काढली. भाचा म्हणतो, एक खुर्ची चहाला थांबली की मागच्या तिच्यावर येणार, मग तारच बंद करावी लागेल आणि निम्मी माणसं हवेत लटकतील. हिचं म्हणणं, लटकणाऱ्यांना तर चहा आधी द्यायला हवा. तारेला आकडे लावून थर्मास पाठवता येतील. घडाचे आकडे थर्मासला चालतील का, एवढं भाच्याला विचारायचं राहिलंय.