लाकडाचा मानपान

डोंबिवलीत कोणी ‘आमची बाग’ म्हणालं की ऐकणारा आधी विचारतो, “कितव्या मजल्यावर?” आमची तळमजल्यावर आहे, म्हणजे खरोखरच्या मातीत आहे, हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. ती मागच्या दारापासून कंपाऊंडच्या भिंतीपर्यंतच आहे, हे कळलं की तो ओसरतो. एक कढीपत्ता, एक पारिजातक, दरवर्षी नुसती पानंच काढणारा सोनचाफा आणि कोपऱ्यात सोसायटीच्या पंपाची खोली. पावसाळ्यात त्या खोलीपर्यंत जायचं तर चप्पल हातात घ्यावी लागते. पायात ठेवली तर ती चिखलाची होते.

तेव्हा पायवाट हवी होती. ठाण्याला नणंदेच्या टॉवरखाली आहे तसली पेव्हर ब्लॉकची नको, एवढं एकमतानं ठरलं होतं. बाकी मतं होतीच. नवऱ्याच्या डोक्यात रेल्वेचे जुने स्लीपर होते. 1853 साली 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि तेव्हापासून इथल्या माणसाची कल्पनाशक्ती रूळ सोडून फारशी लांब जात नाही. रेल्वेनं काँक्रीटचे स्लीपर घातल्यापासून लाकडी स्लीपर लिलावात निघतात, हे खरं. पण ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब. आमच्याकडे तो आडवा टाकायचा तर भिंत फोडावी लागली असती, आणि उभे टाकले तर दोन स्लीपरांत बाग संपली असती. त्यात ते टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोटचं डांबरी तेल पाजलेलं असतं. कढीपत्त्याच्या मुळाशी ते कोणाला हवंय? स्लीपर बाद झाले.

एवढ्यात शेजारची दुमजली जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली. पाडकामवाल्याचा पहिला हात पडतो तो लाकडावर. दारं, चौकटी, तुळया, वासे सगळं सोडवून रस्त्याकडेला रचलं जातं, कारण पैसा त्यात असतो. विटा-माती म्हणजे नुसती ट्रकची भाडी. जुन्या सागासाठी लोक जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात खेटे घालतात. आमच्या भिंतीपलीकडे त्याचा ढीग पडला होता. थोडी घासाघीस करून आम्ही त्यातला उरलासुरला माल उचलला.

सागाला पाण्याचं भय नाही म्हणतात, आणि ते कल्याणकरांना सांगायची गरज नाही. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं बांधली जाऊ लागली. वाडियांनी 1817 साली मुंबईच्या गोदीत बांधलेलं सागाचं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. त्या मानानं आमचा साग फक्त पंपाच्या खोलीपर्यंत जायचा होता.

नवऱ्यानं तेवढ्यात आणखी एक दाखला शोधून काढला. इंग्लंडातच सॉमरसेटच्या दलदलीत ‘स्वीट ट्रॅक’ नावाची फळ्यांची वाट 1970 मध्ये सापडली. लाकडातली वर्तुळं मोजून तिचं वय काढलं, तर ती इसवी सनापूर्वी 3807-3806 मधली निघाली. सुतारकाकांनी हे रंधा न थांबवता ऐकलं. “ती कायम पाण्यात असणार,” ते म्हणाले. होतीच. बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, त्यामुळे कुजवणारी बुरशी तिथे जगत नाही. लाकडाला खातं ते ओलं-सुकं, ओलं-सुकं होणं. आणि चार महिने धो धो, आठ महिने रखरख या बाबतीत डोंबिवलीचा हात कोणी धरू शकत नाही. त्यातून वाचलं तर वाळवी आहेच.

म्हणून काकांनी आधी चर खणून घेतला, खाली खडी पसरली, वर कच. लाकडाला पोटाकडून काजूच्या टरफलाचं तेल दिलं. हे तेल हाताला लागलं तर कातडी सोलवटते, पण कोकणात होड्यांना लावतात, त्यामुळे काकांचा त्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. वर पाय घसरू नये म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकायची, आणि प्रत्येक फळी सळईनं जमिनीत जखडायची. 2005 च्या 26 जुलैचं पाणी ज्यानं या भागात पाहिलंय, त्याला लाकूड तरंगतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

इथवर सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. मग मागच्या दारात आईंची खुर्ची आली.

आई म्हणजे सासूबाई. सुतारकाकांनी एक भलं लाकूड पुढे ओढलं.

“काय हो ते?”

“तुळई आहे, आजी.”

“जन्मभर घर डोक्यावर धरलं तिनं. आता तिच्यावर पाय देणार?”

तुळई बाजूला गेली. देव्हाऱ्याच्या चौकटीबद्दल विचारायचं धाडसच कोणी केलं नाही. ढिगात जेवणाचे दोन पाट निघाले. पाटाला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, तेही गेले. पुढचं दार नको, त्याला तोरणाचे खिळे होते. काकांनी वैतागून एक साधीसुधी, कुणाचं काही घेणं नसलेली फळी दाखवली. आईंनी चष्मा वर केला. “ही संडासाच्या दाराची. शी! पायाला लागेल.”

म्हणजे अर्धं लाकूड पायाखाली घेण्याइतकं खालचं नव्हतं, आणि उरलेल्यातलं काही तेवढंही वरचं नव्हतं. लग्नात वरपक्षाकडच्यांचा मान ठेवणं यापेक्षा सोपं असावं.

शेवटी जिन्याच्या फळ्या निघाल्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या, कडांना जाड. “ह्या घ्या,” आई लगेच म्हणाल्या, “ह्यांना सवय आहे.” काकांनी त्या उलट्या घातल्या, नाहीतर प्रत्येक खळग्यात पाणी साचून डासांची सोय झाली असती.

राहिला उंबरठा. तो टाकवत नव्हता, आणि त्याच्यावर उभं राहायचं नाही हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईंनीच निकाल दिला: वाटेच्या सुरुवातीला बसवा, ओलांडायचा. त्यामुळे आमच्या पायवाटेतलं पहिलं लाकूड पाय न देण्यासाठी आहे. मोठी माणसं लांब टांग टाकतात, पोरं उडी मारतात, कुरिअरवाला अडखळतो.

पहिल्या पावसात फळ्यांच्या कडांना शेवाळ धरलं. जाळी आहे, घसरत नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं. तरी आई कडेनं मातीतून जातात, त्यांच्या मागून कामवाल्या मावशी, आणि पंप सुरू करायला येणारा वॉचमनही. आता फळ्यांच्या शेजारी हातभर रुंदीची, गवत मेलेली, चांगली वळणदार वाट पडली आहे. परवा वॉचमन मला म्हणाला, “ताई, तिकडे फार चिखल होतोय. ती संडासाच्या दाराची फळी अजून आहे का?”