आधी फाइल, मग फळा

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात सिव्हिलला एक मार्गदर्शक सर असतातच. हे पद कुठल्या जीआरमध्ये नाही, त्याला भत्ता नाही. नवा असिस्टंट प्रोफेसर बायोमेट्रिकवर पहिलं बोट टेकवतो, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून शेजारी जे उभे असतात, ते हे.

पहिला प्रश्न, "डबा आणलायस ना?" दुसरा, "कोर्स फाइल उघडलीस का?"

पोरांसमोर ते या पंचविशीतल्या नवख्याला ‘सर’ म्हणतात. केबिनचं दार लोटलं की ‘अरे’.

सरांना सालं आठवत नाहीत, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांच्या स्कीम आठवतात. बदलापूरचा फ्लॅट सीबीएसजीएसला घेतला, म्हणजे 2012 ला. गुडघ्याचं ऑपरेशन सीबीसीजीएसला, म्हणजे 2016. पुढे 2019 ची सी स्कीम आली तेव्हा त्यांनी नोट्सचं फक्त कव्हर बदललं असं लोक म्हणतात. साफ खोटं. त्यांनी मार्जिनही नीट करून घेतलं होतं.

"शिकवणं काय, जमेल हळूहळू," सर सांगतात, "आधी डिफॉल्टर लिस्ट लाव." मग येतं को-पो मॅपिंग. विषयातून पोरगं काय शिकलं (सीओ) आणि त्यातून इंजिनीअर म्हणून काय कमावलं (पीओ), याचा एक ते तीन आकड्यांत मांडलेला तक्ता. नवखा बिचारा प्रत्येक चौकटीपाशी खरोखर विचार करत बसतो. सर त्याचा माउस काढून घेतात. "सगळीकडे तीन टाकू नकोस, तपासणीच्या कमिटीला संशय येतो. मधेमधे दोन पेर. एखादी डॅश ठेव, प्रामाणिक वाटतं."

एवढं शिकवून झालं की पोरांच्या अभ्यास-व्हिजिटची बस, वडापाव आणि पालकांची संमतीपत्रं आपोआप नवख्याच्या गळ्यात पडतात.

व्हिजिट ठरलेली: जांभूळ. शुक्रवारी नळ कोरडा गेला की ज्या गावाच्या नावाने आपण बोटं मोडतो, तेच. बारवीचं पाणी शुद्ध करणारं एमआयडीसीचं केंद्र तिथे आहे. बसमधून उतरताना सर फाइल सीटवर ठेवतात, आणि तिथून पुढे हा वेगळाच माणूस.

लॅबमध्ये जार टेस्ट मांडलेली. सहा बीकर, सगळ्यांत तेच गढूळ पाणी, तुरटीचा डोस मात्र चढता. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी संथ. हळूहळू कापसासारखे पुंजके धरतात आणि तळाला बसतात.

"तुरटी सगळ्यात जास्त कशात?"

पोरं शेवटच्या बीकरकडे बोट दाखवतात.

"आणि नितळ कोणता?"

चौथा. पोरं गप्प. नवख्याच्या ओठांवर उत्तर आलेलं असतं, तोच सर त्याचं कोपर दाबतात. "थांब. त्यांना सुचू दे."

बराच वेळ कोणी बोलत नाही. मग मागून, दोन केट्या पाठीशी असलेला एक जण चाचरत म्हणतो, "सर, डोस जास्त झाला की कण पुन्हा एकमेकांना ढकलत असतील का?"

सर त्याच्याकडे असे बघतात, जणू इन्क्रिमेंट लागलंय. मग एकदम भानावर येतात.

"बॅनर सरळ धरा रे! जिओटॅग ऑन आहे ना?" आणि नवख्याच्या कानाशी, "पर्यावरणाच्या पीओला तीन टाक. ... नको, दोनच."