पंचेचाळीस सेकंदांचं मत

दुसऱ्यानं काय करावं, याबद्दल आमच्या घरात प्रत्येकाला ठाम मत आहे. स्वतःला काय हवं, याबद्दल मात्र कुणालाच नाही. 'चहा की कॉफी?' 'जे टाकलं असेल ते.' 'बाहेर कुठं जेवायचं?' 'तुम्ही म्हणाल तिथं.' लग्नाच्या बस्त्याला गेलं की दुकानदार साड्यांचा डोंगर उभा करतो आणि आमच्याकडच्या बायका एकमेकींना 'तुला कुठली आवडली?' एवढंच विचारत बसतात. आपली आवड उघड सांगणं हा आमच्याकडे हावरटपणा समजला जातो. अशा घरातल्या मुलीनं टोफेलच्या सरावाचं पुस्तक उघडलं, तर समोर प्रश्न : तुम्हाला शहरात राहायला आवडेल की खेड्यात? कारणं द्या. विचार करायला १५ सेकंद, बोलायला ४५.

टोफेल ही परीक्षा १९६४ पासून आहे आणि न्यू जर्सीतली ईटीएस ही संस्था ती घेते. २०२४ साली लेकीनं ती दिली तेव्हा वाचणं, ऐकणं, बोलणं आणि लिहिणं या चारांना प्रत्येकी ३०, असे १२० गुण होते. लेक ज्युनिअर केजीपासून इंग्रजी माध्यमात. भांडते इंग्रजीत, झोपेत बरळते इंग्रजीत. इंजिनिअरिंगचा प्रत्येक पेपर तिनं इंग्रजीत लिहिलाय. तरी अमेरिकेतल्या विद्यापीठानं इंग्रजी येत असल्याचा पुरावा मागितला, आणि तोही दोनच वर्षं चालणारा.

"दोनच वर्षं? त्यानंतर इंग्रजी उतरतं की काय?" हिनं विचारलं.

माझ्या वडिलांना मात्र यात काही वावगं वाटलं नाही. ते पेन्शनर आहेत. "मी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला देतोच की," ते म्हणाले. "मागच्या वर्षीचा जिवंतपणा यंदा चालत नाही."

त्यांना धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. त्यांचं सगळं आयुष्य मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन-मार्टिनचं व्याकरण या दोन खांबांवर त्यांचं इंग्रजी उभं आहे. २००५ साली ही परीक्षा इंटरनेटवर आली तेव्हा व्याकरणाचा वेगळा विभाग काढला आणि बोलण्याचा घातला, हे नातीनं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, मग तपासतात तरी काय?"

काय तपासतात, ते सरावाला बसल्यावर कळलं. हिनं मोबाइलवर टायमर लावला. लेक फाडफाड बोलली. शहरात सोयी आहेत पण प्रदूषण आहे, खेड्यात शांतता आहे पण दवाखाना नाही, तेव्हा दोन्हीकडे फायदे-तोटे आहेत. आम्ही टाळ्या वाजवल्या. क्लासच्या सरांनी मात्र ते रेकॉर्डिंग ऐकून डोक्याला हात लावला. पहिल्याच वाक्यात एक बाजू पकडायची, मग दोन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण. बिचारीचं इंग्रजी पक्कं होतं, आड आलं ते वळण. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध लिहीत आलोय आणि शेवटी 'ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असं लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवत आलोय. त्या शेवटाला टोफेलमध्ये मोल नाही.

उदाहरण खरं असलंच पाहिजे अशी अट नाही, हे कळल्यावर लेकीची गाडी रुळावर आली. दुसऱ्या दिवशी तिनं ठणकावून सांगितलं की तिला खेडंच आवडतं, कारण देवगडला तिच्या काकांची आंब्याची बाग आहे.

"देवगडला आपले कुठले काका?" हिनं टायमर थांबवून विचारलं.

"आई, हे काका फक्त पंचेचाळीस सेकंदांसाठी आहेत."

"खरे असते तर पेटी आली असती," वडील म्हणाले.

मग त्यांनाही हुक्की आली. प्रश्न तोच. निर्दोष व्याकरणात, कर्ता-कर्म-क्रियापद सांभाळत त्यांनी सुरुवात केली. टायमर वाजला तेव्हा ते १९७२ च्या दुष्काळात सुकडी खात होते, शहर अजून बरंच लांब होतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेत समोर यंत्राऐवजी परीक्षक असतो, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला मिळतं, असं सांगून नातीनं त्यांची समजूत काढली. "तेही कमीच," ते म्हणाले. "समोर माणूस आहे म्हटल्यावर आधी त्याचं गाव विचारायला नको?"

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर तिच्याबरोबर मीही गेलो. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट. आमच्याकडच्या पासपोर्टात मुलीच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलं, त्यामुळे पुकारा झाला आणि आम्ही दोघंही उभे राहिलो. खिसे उलटे करून दाखव, घड्याळ काढ, चष्मा तपासायला दे, असं सगळं झाल्यावर तिला आत सोडलं. आतली हकिकत तिच्याकडून कळली. माइक नीट चालतोय का हे बघायला यंत्र प्रत्येकाला सांगतं, तुम्ही राहता त्या शहराचं वर्णन करा. त्यामुळे आजूबाजूनं एकाच वेळी पुण्याचं कौतुक सुरू होतं. कुणी हवेचं करत होतं, कुणी विद्यापीठाचं. वाहतुकीचा विषय कुणी काढला नाही. काढला असता तर वाक्य तिथंच अडकलं असतं.

त्याच सुमाराला न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या मुलाला हायस्कुलात असतानाच 'एपी'च्या परीक्षेत एका विषयात पाचपैकी पाच मिळाले, आता कॉलेजात तो विषय माफ. शिवाय १९६७ पासून चालत आलेली 'क्लेप' आहेच. दीड तासाचा पेपर, २० ते ८० च्या मापात ५० मिळाले की बरीच कॉलेजं त्या विषयाचे क्रेडिट देऊन टाकतात. "येतंय ते पुन्हा शिकायचं नाही आणि वर फी वाचते?" वडील खूश झाले. "ही परीक्षा काढणारा मूळचा सदाशिव पेठेतला असला पाहिजे." तिकडे येतंय ते दाखवलं की वर्ग माफ, आमच्याकडे येतंय ते दाखवायला वेगळा क्लास लावावा लागतो.

निकाल छान लागला. बोलण्यात तर तीसपैकी सत्तावीस. परिणाम असा झाला, की लेकीला आता मत आहे. काकूंनी फोनवरून एक स्थळ सुचवलं. तिनं पहिल्याच वाक्यात नकार दिला, मग दोन कारणं दिली, प्रत्येकाला एक उदाहरण दिलं आणि वेळेच्या आत थांबली. काकूंचा पुन्हा फोन आलेला नाही.

आता जानेवारी २०२६ पासून टोफेल पुन्हा बदलली. गुण १ ते ६ च्या पट्टीवर, आणि बोलण्याच्या भागात मुलाखत. त्यात विचाराचे ते पंधरा सेकंदही काढून टाकलेत. प्रश्न संपला की लगेच तोंड उघडायचं. लेकीनं हे अमेरिकेहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा वडील कानाचं यंत्र सारखं करत म्हणाले, "विचार न करता मत द्यायचं, त्याला परीक्षा कशाला? त्यांना म्हणावं, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला या. एकूण एक सभासद सहापैकी सहा घेईल."