मुलाने दिलेल्या टॅबवर बातमी कशी वाचावी

प्रस्तुत मार्गदर्शन सरसकट सर्व टॅबधारकांसाठी नाही. स्वतःला नवा टॅब घेतल्यावर ज्यांच्या चिरंजीवांनी जुना टॅब ‘बाबा, तुम्हाला पेपर वाचायला होईल’ असं म्हणत आणून दिला, त्यांच्यापुरतंच आहे. ‘एकदम मस्त चालतो’ हेही त्याने सांगितलेलं असतं. मस्त चालत होता तर नवा कशाला घेतलास, असं विचारू नये.

पूर्वतयारी : टॅब रात्रीच चार्जिंगला लावावा. बॅटरी पार उतरली की काही जुने टॅब तारीख विसरतात आणि थेट १९७० सालात जागे होतात. मग कुठलीही साइट उघडा, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि टॅबच्या हिशेबाने ते अजून जन्मालाच यायचंय. सेटिंगमध्ये जाऊन तारीख नीट करावी. तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर टॅबमधली मूळ प्रमाणपत्रांची यादीच शिळी झालेली असण्याचा संभव. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातली कितीतरी धडधाकट यंत्रं रातोरात बाद ठरली. अशा टॅबवर पेपर वाचावा, बँकेचा पासवर्ड घालू नये.

बोट टेकवणे : या कृतीत घाई नडते. मथळा दिसला म्हणजे पान बसलं असं नव्हे. आपलं बोट खाली जातं आणि नेमकं काचेला टेकताना वर जाहिरात येऊन बसते, सगळा मजकूर चार बोटं खाली सरकतो. मी पाणीकपातीचं वेळापत्रक बघायला जातो आणि गुडघ्याच्या तेलाच्या दुकानात उतरतो. परत यावं तर दुकान ‘खरंच जाताय?’ विचारतं. बातमी एकीकडून येते, जाहिरात दुसरीकडून, तीही रेंगाळत. पान बनवणाऱ्याने एसटीत रुमाल टाकतात तशी तिची जागा आधीच धरली, तर काही हलायचं कारण नाही. पण तेवढा रुमाल टाकायला कुणाला सवड नाही. गूगलने २०२० मध्ये या सरकण्याला मोजमाप लावलं : ०.१ च्या आत असेल तर पान चांगलं. मोजमाप आलं, तेलाचं दुकान तिथंच आहे. तूर्त बोट हवेत धरून वाट पाहावी. खांदा दुखल्यास तेल कुठं मिळतं ते एव्हाना कळलेलं असतंच.

वाचताना मध्येच व्हॉट्सॲप बघू नये. परत येईपर्यंत पान पांढरं पडून पहिल्यापासून लोड व्हायला लागतं. २०११ च्या आयपॅड २ ला सगळी मिळून ५१२ एमबी रॅम होती. जाहिरातींनी लगडलेली आजची दोन-तीन पानं तेवढी सहज फस्त करतात. म्हणून टॅब जागा करायला आधीचं पान सोडून देतो.

जुन्या आयपॅडवर ब्राउझर बदलून बघू नये. वरची पाटी बदलते, आत इंजिन ॲपलचंच.

वाय-फाय : २.४ गिगाहर्ट्झवर मायक्रोवेव्हचीही वर्दळ असते. आमच्याकडे आमटी गरम होते तेव्हा अग्रलेख अडकतो. याबाबत घरात तक्रार करू नये, आमटी आपल्याचसाठी असते.

खरा उपाय एकच, आणि तो चिरंजीवांनी सांगितलेला नाही. जुन्या आयपॅडच्या सफारी ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत डावीकडे आडव्या रेघांचं बारीक चिन्ह उमटतं. ते दाबलं की जाहिराती, हलणारी चित्रं, ‘हेही वाचा’ सगळं गळून पडतं आणि उरतो निव्वळ मजकूर, मोठ्या अक्षरात. मात्र ते चिन्ह पान पुरतं आल्यावरच दिसतं.

मुलाला फोन करणे : ‘रीस्टार्ट केलात?’ असं तो विचारेल. केला म्हणावं. ‘राउटर?’ तोही केला म्हणावं. मग ‘रविवारी येऊन बघतो’ असं निघतं. हा फोन करण्याचा मुख्य फायदा.

रविवारी तो टॅब मांडीवर घेतो, गोल फिरणारं चक्र बघत बसतो, ‘तुमचं नेटच स्लो आहे’ असा निकाल देतो आणि स्वतःचा फोन आपल्या हातात ठेवतो. त्याच नेटवर बातमी चुटकीसरशी उघडते. ते दाखवून देऊ नये. फोन आपल्याकडे आहे तोवर तो जागचा हलत नाही, म्हणून त्या दिवशी शेअर बाजाराचं पानसुद्धा सावकाश, शेवटपर्यंत वाचावं.