संजीवनी फक्त जिवंतांसाठी

जुन्या संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन तीन टप्प्यांत होते: बैठक, कात्री आणि शुभारंभाचा प्रयोग. यांत बैठक महत्त्वाची, कारण पुढच्या दोन टप्प्यांत काय वाटोळे व्हायचे ते तिथेच ठरते. बैठकीला निवड समिती बसते. मराठी रंगभूमीच्या ठेव्यातले कोणते रत्न पुन्हा झळाळले पाहिजे यावर ती दोन चहा होईपर्यंत विचार करते आणि शेवटी ‘सौभद्र’ निवडते.

‘सौभद्र’ १८८२ सालचे. तेव्हापासून ते मेल्याची कुठेही नोंद नाही. मंडळ्या बुडाल्या, बोलपट आला, थिएटरांची गोदामे झाली, पण सुभद्रेचे हरण काही थांबले नाही. तरीही दर काही वर्षांनी या ठणठणीत नाटकाच्या छातीवर हात ठेवून त्याला पुन्हा श्वास दिला जातो. यावरून पुनरुज्जीवनाचा पहिला नियम निघतो: नाटक आधी जिवंत असले पाहिजे. मेलेल्या नाटकात धोका असतो. ते उठून काय बोलेल याचा नेम नाही.

दुसरा नियम पदांचा. अध्यक्ष एखाद्या पदाचे पहिले दोन शब्द उच्चारतात. पुढची ओळ निम्म्या सदस्यांनी डोळे मिटून, मांडीवर ताल धरून पुरी केली, तर नाटक पात्र. कुणालाच पुढचे आठवले नाही, तर ते ‘आजच्या प्रेक्षकाला जड’. ही चाचणी वरवर पोरकट वाटली तरी तिच्यामागे पक्का हिशेब आहे. तो समजायला गुणगुण्या प्रेक्षकाची ओळख हवी.

गुणगुण्या पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसतो. तो नाटक बघायला आलेला नसतो, पडताळायला आलेला असतो. ऑर्गनवर पहिला सूर लागताच त्याची मान हलते, दुसऱ्या सुराला त्याने पद ओळखलेले असते, आणि गायक नट तोंड उघडायच्या आत तो स्वतः सुरू झालेला असतो. तो नेहमी अर्धी मात्रा पुढे असतो. नट आलाप घेऊ लागला की तो थांबतो, कारण आलाप त्याला येत नाही. पण मुखडा परतला की समेच्या आधीच खुर्चीच्या हातावर त्याची अंगठी टक्कन वाजते. तान संपली की तो शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून जुन्या कुणाची तान याहून कशी वेगळी होती ते सांगतो, आणि तेवढ्यात पुढचा प्रवेश निम्मा होऊन जातो. याची त्याला खंत नसते. दोन पदांमधला गद्य भाग त्याच्या लेखी खोकण्याची, खडीसाखरेचा कागद उलगडण्याची आणि मध्यंतराला किती अवकाश आहे हे घड्याळात पाहण्याची वेळ असते. पुन्हा ऑर्गन वाजला की तो दचकून जागा होतो आणि लगेच अर्धी मात्रा पुढे जातो. सबंध पुनरुज्जीवन या एका माणसासाठी चाललेले असते. अनुदान त्याच्यासाठी, भरजरी शेले त्याच्यासाठी, विंगेत वाफ घेणारी सुभद्राही त्याच्यासाठीच. निवड समितीला तो इतका नेमका ठाऊक कसा, याचे उत्तर सोपे आहे: समितीत सगळे तेच असतात.

या कसोटीवर नापास झालेल्यांची यादी पाहण्याजोगी आहे. ‘शारदा’ १८९९ चे. पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट, बोहल्यावर चढायला उतावीळ झालेला थेरडा भुजंगनाथ आणि या सौद्यातली दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित. त्या काळी सगळी पौराणिक मंडळी गात असताना या नाटकाने आपल्याच आळीतल्या घराचे दार उघडून दाखवले. समितीचा शेरा: विषय कालबाह्य. बालविवाहाविरुद्ध १९२९ साली कायदा झाला, तेव्हा आता काय? मुलीचे लग्न म्हणजे सौदा ही गोष्ट महाराष्ट्रातून त्याच साली नाहीशी झाली, असे समिती धरून चालते. समितीतले काही जण त्या बैठकीला लग्नाच्या याद्या उरकून आलेले असतात, हा योगायोग.

‘एकच प्याला’चे प्रकरण नाजूक असते. १९१९ साली, लेखक गेला त्याच वर्षी, ते रंगभूमीवर आले. पदे दुसऱ्याच कवीची. लेखकाची सगळी ताकद गद्यात. सुधाकराची स्वगते आणि तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ हे या नाटकाचे काळीज. मराठी नाटकात कामकाज चोख चालवणारी जी थोडी मंडळे आहेत त्यांत हे एक; तिथले सभासद निदान कशासाठी जमलो हे एकमेकांपासून लपवत नाहीत. हे नाटक नाकारताना समिती फक्त एवढेच म्हणते की गद्य फार आहे.

‘विद्याहरण’ (१९१३) तर चर्चेलाच येत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. हे नाटक संजीवनी विद्येबद्दलच आहे. असुर कचाला मारतात, जाळतात, त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच जिवंत व्हायचा तर गुरूचे पोट फाडून बाहेर येणार, आणि गुरू मरणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला आधी विद्या शिकवतात. तो बाहेर येऊन मग गुरूला उठवतो. मेलेले उठवायचे तर कुणाचे तरी पोट फाटते, एवढी साधी गोष्ट त्यात मांडली आहे. समितीला ती परवडत नाही. इतिवृत्तात नोंद होते: दोनच पदे परिचित, पुढील वर्षी विचार व्हावा.

दुसरा टप्पा कात्रीचा. पूर्वी रात्री साडेनऊला नांदी व्हायची आणि भरतवाक्याला पहाट. आता नाट्यगृह एका सत्रापुरते मिळते आणि पुढच्या सत्राचा टेम्पो मागच्या दाराशी उभा असतो. काटछाट करावीच लागते, आणि तिला परंपराही आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा सातांपैकी चारच अंक झाले होते. प्रश्न कात्री कुठे चालते याचा आहे. ‘सौभद्र’मध्ये शंभराहून जास्त पदे आहेत आणि त्यांतली कितीतरी साकी, दिंडी, कामदा अशा छोट्या घाटांची. दोन-चार ओळींत कुणी भांडते, कुणी विनवते, कुणी लटके रुसते आणि कथा एक पाऊल पुढे सरकते. ती गायला गळा लागतो त्याहून जास्त जीभ लागते. साकी कुणी गुणगुणत नाही, म्हणून आधी साकी जाते. मग दिंडी जाते. मग गद्य जाते, कारण ते गद्य आहे. उरतात बारा-पंधरा मोठी पदे. मग त्यांच्यामध्ये कथा सांगायला एक निवेदक नेमावा लागतो, आणि तो जे सांगतो तेच आधी साक्या-दिंड्या सांगत होत्या. याला संगीत नाटक म्हणायचे असेल तर गणपतीतल्या ऑर्केस्ट्रालाही म्हणावे. तिथे निदान निवेदक विनोद तरी बरे करतो.

इथवर सगळे गमतीत चालले असते. पण या व्यवहाराच्या मुळाशी एक धडधडीत खोटे आहे: जुने पुन्हा केले की परंपरा जगते. मागे संगीत नाटक खरोखर मरायला टेकले होते, ते बोलपटाच्या तडाख्याने. ते पुन्हा उठले १९६० पासून, आणि उठवले ते कोऱ्या नाटकांनी: ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘सुवर्णतुला’ १९६० ला, ‘मंदारमाला’ १९६३ ला, ‘मत्स्यगंधा’ १९६४ ला, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ ला. नवी संहिता, नव्या चाली, आणि पहिल्या रात्री एकाही प्रेक्षकाला एकही पद येत नव्हते. पाचव्या रांगेतल्या माणसाला गप्प बसून ऐकावे लागले. आज तीच नाटके अभिजात म्हणून यादीत आहेत, आणि त्याच यादीच्या जोरावर नव्या संहितेला दार बंद आहे. अर्जात तसा रकानाच नाही. एखाद्या पोराने नवे संगीत नाटक लिहून नेलेच, तर त्याला विचारतात की यातले पद लोकांना माहीत आहे का. न झालेल्या नाटकाचे पद! हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारला जातो, सही करून कागदावर येतो आणि पोरगा मालिका लिहायला लागतो.

गोव्यात जत्रेला देवळापुढच्या मांडवात गावकरीच संगीत नाटक उभे करतात. तिथे पुनरुज्जीवन हा शब्द वापरत नाहीत.

तिसरा टप्पा शुभारंभाच्या प्रयोगाचा. दीपप्रज्वलन होते, मनोगते होतात, सत्कार होतात. यांत गेलेला वेळ भरून काढायला ऐनवेळी आणखी दोन पदे गळतात. तिसरी घंटा होते. नांदी सुरू होते, आणि पाचव्या रांगेत तिचा दुसरा चरण पहिल्याच्या आत संपतो. अर्जुन यतीच्या वेषात येतो, गातो, ‘वन्समोअर’ मिळतो. तो घेतल्यामुळे घटोत्कचाचा प्रवेश कापावा लागतो. सुभद्रा रानात कशी पोचली हे निवेदक माइकवरून सांगून टाकतो. मध्यंतरात समिती रंगपटात जाऊन नटांची पाठ थोपटते आणि पुढच्या वर्षीचे नाटक तिथेच, वडा खाता खाता, एकमताने ठरते. बहुतेक ‘मानापमान’. नाहीतर ‘सौभद्र’च.