सुशी खुशाल करा, मासा इथला घ्या

रत्नागिरीत एकाच मेन्यूकार्डावर थाई करी, टाको, पेरी पेरी, पास्ता आणि सुशी मिळायला लागली, याचा मला आनंद आहे. ‘कोकणात राहून पास्ता कसला खाता?’ असं विचारणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. पाहुणा दोन दिवस येतो आणि सोलकढी मागतो, ते ठीक. इथला माणूस बारा महिने घरी बांगडाच खातो. बायकोमुलांना घेऊन बाहेर पडल्यावर त्याला वेगळं काही खावंसं वाटलं, तर तो त्याचा हक्क आहे.

आणि परकं तरी कशाला म्हणायचं? मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आली. काजू ब्राझीलचा. हापूसचं नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदारावरून पडलेलं. मिरची वगळून कुणी बांगड्याचं तिखलं करून दाखवावं! बाहेरून आलेलं या किनाऱ्यानं आपल्या कातळावर लावलं, वाढवलं, मग ताटात घेतलं. माझं भांडण इथेच सुरू होतं. आता पदार्थही बाहेरून येतो आणि त्यातला मालही पाकिटातून येतो.

परवा एका नव्या हॉटेलात लिंबू-लोण्यातला भाजलेला मासा मागवला. मासा कोणता, हे कार्डावर नव्हतं. वेटर आत जाऊन विचारून आला : बासा. मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा, तळ्यात वाढवतात तो गोड्या पाण्यातला मासा. मिरकरवाडा बंदर तिथून रिक्षाच्या अंतरावर, आणि मौसम ऐन बहरातला.

मालकांचं गणित मला कळतं. बासाला काटा नाही, वास नाही, तुकडे एका मापाचे, भावाची रोज उलथापालथ नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गोठवलेला मासा वापरला तर कुणी बोट दाखवू नये. पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत? ज्या गावात पहाटे सुरमई, सौंदाळा, माकूल, कोळंबी उतरते, त्या गावात समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या गिऱ्हाईकाला नदीतला मासा वाढायचा, हे मला लाजिरवाणं वाटतं. माकूल तर खास या परदेशी स्वयंपाकाचंच. स्पेन आणि इटली भारतातून ते विकत नेतात. कडकडीत आचेवर दोन मिनिटं, नाहीतर मंद आचेवर पाऊण तास. मधल्या वेळात काढलं की चिवट होतं. एवढं सांभाळणारा आचारी असेल तर त्याला पाकीट लागतच नाही.

सुशीचंही बघा. तिच्यात खेकडा म्हणून घालतात ती लाल-पांढरी कांडी खेकड्याची नसते. राणी माशासारख्या माशांचा गर धुऊन, मळून ती करतात. त्या गराला सुरिमी म्हणतात, आणि जपानपर्यंत सुरिमी पाठवणारी गद्रे मरीन ही कंपनी रत्नागिरीचीच आहे. म्हणजे सुशीतला एक जिन्नस आपल्या एमआयडीसीत तयार होतो. मेन्यूवर हे अभिमानानं छापायला हवं. त्याऐवजी तिथे ‘क्रॅब’ लिहितात, आणि ज्या गावात कुर्ल्यांचा रस्सा खाऊन पोरं वाढतात तिथे लिहितात.

सगळ्यात जास्त वाईट मला खाउसेचं वाटतं. नारळाच्या रसातल्या नूडल्सचा हा ब्रह्मदेशी पदार्थ मुंबईच्या हॉटेलांत केव्हाचा लोकप्रिय आहे. त्यावर मुंबईपेक्षा आपला हक्क मोठा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधीही इथेच आहे. तीस वर्षं एक राजघराणं या गावात नजरकैदेत जगलं. थिबा पॅलेस बघून भुकेला बाहेर पडणाऱ्या पर्यटकापुढे ठेवायला आपल्याकडे काय असतं? मंचुरियन. आपला नारळ, आपली कोळंबी, वर तळलेला कांदा आणि लिंबू, असा खाउसेचा वाडगा त्याच्यापुढे आला, तर ती कथा त्याच्या जिभेवर राहील. हा पदार्थ करायला परदेशातून फार काही आणावंही लागत नाही.

तेव्हा हॉटेलवाल्यांनो, जग जरूर आणा. फक्त दाराशी एक फळा लावा आणि आज कोणता मासा, कुठल्या बंदराचा, ताजा की गोठवलेला, हे खडूनं रोज लिहा. बंदीच्या दिवसांत ‘गोठवलेला’ असं लिहायला लाजू नका. आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीही ‘काटा नको’ म्हणून हटून बसू नका. सुरमईच्या तुकडीत मधलाच काटा असतो, तो मुलालाही काढता येतो. साफ करायला माणूस मिळत नाही, ही सबब तर मी ऐकूनच घेणार नाही. मासे कापून देणाऱ्या बायका बाजारातच कोयती घेऊन बसलेल्या असतात. रोजचं गिऱ्हाईक बांधून घ्या. त्यांच्याही घरात चार पैसे जातील, आणि तुमच्या थाई करीत रत्नागिरीचा मासा येईल.