आधी प्रत, मग रेड

घरच्या संगणकात दोन-तीन जुन्या हार्ड डिस्क आहेत. एकीत लग्नाचे फोटो, दुसरीत मुलांचे व्हिडिओ. आता त्या एकत्र बांधून रेड (RAID) करायचं ठरवलंय? मग पेचकस खाली ठेवा आणि आधी बाहेरून जोडायची एक मोठी डिस्क विकत आणा. रेड केलं की डेटा सुरक्षित झाला, हा समज घरोघरच्या आठवणी बुडवतो.

रेड घरासाठी जन्मलंच नाही. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी त्यावरचा निबंध मांडला, तेव्हा एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कांचा ताफा वापरता येईल का, हा प्रश्न होता. डिस्का वाढल्या की एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून थोडी जास्तीची माहिती साठवायची, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. बँकेच्या सर्व्हरला याची गरज आहे. घरचा संगणक मात्र दोन दिवस बंद राहिला तरी कुणाचं अडत नाही. गेलेले फोटो परत येत नाहीत, खरं दुखणं ते आहे.

त्या दुखण्यावर रेड काय करतं? रेड 0 मध्ये माहिती दोन डिस्कांवर वाटली जाते. एक गेली की दोन्हींवरचं गेलं. रेड 1 दोन्हीकडे तेच लिहितं. पण चुकून फोल्डर पुसलात, तर तो त्याच क्षणी दोन्हीकडून पुसला जातो. रॅन्समवेअर आलं, तर दोन्हीकडच्या फाइल कुलूपबंद. चोराने संगणक उचलला, तर दोन्ही डिस्का त्याच्या पिशवीत.

जुन्या डिस्का वापरायच्या म्हटल्यावर धोका आणखी वाढतो. बायोसमधून रेडचा संच (ऐरे) बांधताना बहुतेक वेळा डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. विंडोजचं स्टोरेज स्पेसेसही डिस्क आधी रिकामी करतं. बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआयवरून रेडवर नेला, तर चालू असलेलं विंडोज उघडायलाच नकार देऊ शकतं. रेड 1 मध्ये 500 जीबी आणि 2 टीबीची जोडी लावली, तर हाती 500 जीबीच येते, कारण हिशेब लहान डिस्कचा. आणि एक डिस्क गेल्यावर नवीवर सगळं पुन्हा लिहिताना उरलेली म्हातारी डिस्क तासन्‌तास पूर्ण वाचली जाते. तिचा दम नेमका तेव्हाच संपू शकतो.

म्हणून क्रम सोडू नका. सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातल्या फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्यानंतरही रेड हवंच असेल, तर सारख्या आकाराच्या दोन धडधाकट डिस्का घ्या आणि रेड 1 करा. लिनक्सवर एमडीएडीएम (mdadm) या साधनाने नव्या डिस्कवर अर्धी जोडी उभारता येते. जुनीवरचं तिच्यावर उतरवून, तपासून, मगच जुनी जोडीत घ्यायची. एवढं झालं तरी बाहेरची डिस्क मोडीत काढू नका. ती बहिणीच्या किंवा मित्राच्या घरी ठेवा आणि दर महिन्याला ताजी करा.

पिक्सारसारख्या स्टुडिओलाही फाइल गमावण्याचं हे दुखणं चुकलं नाही. 1998 मध्ये एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी 2’च्या फाइल पुसल्या जाऊ लागल्या. स्टुडिओतला बॅकअप कामाला आला नाही. कामी आली ती चित्रपटावर काम करणाऱ्या गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकातली प्रत. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत, म्हणून ती तिथे होती. चित्रपट तगला तो दुसऱ्या छपराखालच्या प्रतीमुळे.

दोन खणांचा नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा) घरगुती गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांनी बिल फाडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर ‘कुठेच नाही’ असेल, तर नॅस बाजूला ठेवून त्याला एक साधी डिस्क द्यावी. धंदा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाइकाच्या पोरांचं बालपण शाबूत राहील.